लाल चिठ्ठी

आमच्या गल्लीत काकांच्या लाल चिठ्ठीतून कोणी सुटलं नाही. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या कल-डी-सॅकला, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या रस्त्याला, गल्ली म्हणणं माझ्या नवऱ्याला पटत नाही, पण अकरा घरं, एक वळण आणि सगळ्यांना सगळ्यांचं माहीत, याला दुसरं काय म्हणायचं? गल्लीच्या तोंडाशी टपालपेट्यांची रांग आहे, तिच्यावर मी पहिली चिठ्ठी पाहिली. तळहाताएवढा लाल पुठ्ठा, वरच्या भोकातून ओवलेला पांढरा दोरा आणि मराठीत छापलेले रकाने: वस्तू, दोष, केव्हापासून, निर्णय. त्यात सुबक अक्षरात लिहिलेलं, "तिसरी पेटी. बिजागरी निखळत आहे. दुरुस्ती." एचओएच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, बाईंना वाटलं, हा आमचा काहीतरी धार्मिक प्रकार असणार, म्हणून त्यांनी ती चिठ्ठी आदराने तशीच राहू दिली. आठवड्याभरात पेटीचं दार निखळून पोस्टमनच्या पायावर पडलं.

काका-काकू आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचे. आता ते इथे राहत नाहीत. काका तेव्हा सत्तरी ओलांडलेले, बारीक, ताठ, खिशाला चार पेनं. आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्टर, आधी सांगलीजवळच्या एका पंपांच्या कारखान्यात आणि मग कनेक्टिकटमध्ये, विमानाच्या इंजिनांचे भाग करणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं. रिटायर झाल्यावर बर्फाला कंटाळून दोघं नॉर्थ कॅरोलायनात आले. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. चिठ्ठ्या त्यांनी सांगलीला पुतण्याच्या छापखान्यातून करून आणल्या होत्या, चांगल्या दोन हजार.

निर्णयाच्या रकान्यात तीन पर्याय छापलेले असत. भंगार, दुरुस्ती आणि आहे तसे वापरा. यातला तिसरा ते स्वतःच्या हाताने खोडत. सकाळी बिनसाखरेचा चहा समोर, पन्नास चिठ्ठ्यांची चळत शेजारी, आणि पट्टी ठेवून तिसऱ्या ओळीवर एकेक रेघ.

मी एकदा विचारलं, "काका, खोडायचंच आहे तर छापता कशाला?"

"नमुन्यात आहे म्हणून. कंपनीच्या नियमपुस्तकात तीन पर्याय आहेत. माझ्याकडे दोन."

"म्हणजे नोकरीत कधीच नाही वापरला?"

"एकतीस वर्षांत त्याच्यावर एकदाही सही केलेली नाही." आपण कधी दारूला शिवलो नाही हे एखादा माणूस ज्या सुरात सांगतो, तो सूर होता.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि त्याच्या पायी लोक जास्त वैतागत. ज्याची वस्तू, त्याने चिठ्ठी सोडायची नाही. दोष काढायचा, काकांना बोलवायचं, ते परत तपासणार आणि तेच दोरा सोडणार. मराठी शाळेच्या एका घडीच्या खुर्चीला त्यांनी चिठ्ठी बांधली, ती कमिटीतल्या कोणीतरी काढून फेकली, आणि पुढच्याच रविवारी त्याच कमिटीचे अध्यक्ष भाषण ऐकता ऐकता खुर्चीसकट खाली बसले. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, तर त्यांनी चकलीच्या डब्याला चिठ्ठी लावली होती, "तेल पिते. भंगार." त्या बाईंनी दोन वर्षं काकूंशी अबोला धरला. काकांना वाईट वाटलं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "चकली तेल पीत होती की नव्हती?"

माझ्या सायकलला चिठ्ठी लागली त्या वर्षी मी चव्वेचाळीसची होते. आता ही सायकल कुठली हे सांगायला हवं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादाने मी सायक्लो-क्रॉसच्या शर्यती करायला लागले होते. नागपूरला आईला मी फोनवर हा प्रकार तीनदा समजावला. गवत, वाळू आणि चिखल यांतून आखलेली छोटी वाट, तिच्या फेऱ्या मारायच्या, मध्ये फळ्या आडव्या लावलेल्या असतात, तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची, पळत चढ चढायचा आणि परत बसायचं. आई सगळं ऐकून म्हणाली, "मग सायकल नेतेसच कशाला?" 

एवढं करून माझी एकही शर्यत पुरी होत नव्हती. या खेळात सगळ्यात पुढची बाई एक फेरी जास्त मारून तुमच्या पाठीशी येऊन पोचली, की पंच तुम्हाला हात करून बाजूला काढतात. मागचे लोक पुढच्यांच्या पायात येऊ नयेत म्हणून. तीन सीझन मी दर रविवारी अशी बाजूला निघत होते. लोक घंटा वाजवत, "गुड जॉब!" म्हणत, आणि त्या गुड जॉबची मला इतकी चीड यायची की विचारू नका. पहिलं यायचं नव्हतं, दहावंही यायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, सगळ्या फेऱ्या करून स्वतःच्या चाकांवर शेवटची रेघ ओलांडायची होती.

अशाच एका रविवारी चिखलाने भरलेली सायकल मी ड्राइव्हवेवर टेकवून आत गेले आणि सकाळी बघते तर हॅन्डलला लाल चिठ्ठी. "मागचे चाक आउट. ब्रेकचा पॅड एका बाजूने घासलेला. दुरुस्ती." मी तणतणत त्यांच्या दारात गेले.

"काका, ही माझी सायकल आहे."

"ते दिसतंय. चाकाचा आउट काढल्याशिवाय तू त्याच्यावर बसतेस कशी? आण इकडे."

त्यांनी गॅरेजमध्ये सायकल उलटी केली, स्पोकला हात लावत, चाक फिरवत, मान तिरकी करून तासभर बसले. चाक सरळ झालं. दोरा सोडला. मग त्यांनी शर्यतीची सगळी चौकशी केली, आणि त्या शर्यतीत 'पिट' नावाची एक जागा असते हे ऐकून त्यांचे डोळे चमकले. वाटेच्या कडेला दोरी लावून ही जागा राखलेली असते. तुमचा माणूस तुमची दुसरी सायकल घेऊन तिथे उभा राहतो. चिखलाने जड झालेली सायकल तुम्ही टाकायची, स्वच्छ सायकल घ्यायची आणि पुढे जायचं, तोवर त्याने टाकलेली धुऊन तयार ठेवायची. वाट अशी वळवलेली असते की एका फेरीत पिट दोनदा लागतो.

"तुझा माणूस कोण?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही. दुसरी सायकलही नाही."

"सायकल बघू कुठेतरी जुनी. माणूस मी आहे."

पुढच्या रविवारपासून काका पिटमध्ये. बाकीचे लोक पाण्याचा फवारा मारणारी यंत्रं घेऊन येत. काका दोन बादल्या, पितळी तांब्या आणि इंडियन स्टोअरमधला काथ्या घेऊन येत. "फवाऱ्याने बेअरिंगात पाणी शिरतं," हे त्यांचं म्हणणं. उकिडवे बसून ते एखादं पातेलं घासावं तशी सायकल घासत, आणि माझी अर्धी फेरी व्हायच्या आत ती लखलखीत उभी असे. लोक आधी हसले, मग बघायला लागले आणि शेवटी दोघातिघांनी मला काथ्या कुठे मिळतो ते विचारलं.

पण काकांची खरी मिजास होती ती अंगठ्याची. या खेळात टायरमधली हवा फार महत्त्वाची. थोडी जास्त झाली की चाक घसरतं, थोडी कमी झाली की वळणावर टायर रिमपासून सुटतं आणि फस्सकन सगळी हवा निघून जाते. लोक त्यासाठी डिजिटल गेज घेऊन हिंडतात. काका उजव्या अंगठ्याने टायर दाबत आणि किती पौंड हवा आहे तो आकडा सांगत. "एकवीस." "साडेएकोणीस." माझ्या नवऱ्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने गॅरेजमध्ये गेज लावून त्यांची परीक्षा घेतली. नऊ वेळा आकडा तंतोतंत, दहाव्या वेळी अर्ध्याचा फरक. काका म्हणाले, "गेज बदल." त्याने दुसरं गेज आणलं आणि दहावाही बरोबर निघाला. नवऱ्याने सरळ हात जोडले.

"गेज दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावं लागतं," काकांनी त्याला वर शिकवलं. "तपासलं नाही तर ते गेज नव्हे, दागिना."

काकू या सगळ्याकडे लांबून बघत. एका दुपारी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला मुलाची गोष्ट सांगितली. मुलगा एकच, कॅलिफोर्नियात असतो. बारा वर्षांचा असताना त्याने शाळेच्या सायन्स फेअरसाठी हातपंपाचं मॉडेल केलं, पत्र्याचं आणि प्लास्टिकच्या नळ्यांचं, महिनाभर खपून. प्रदर्शनाच्या सकाळी वडिलांना दाखवायला आणलं. काकांनी पाणी घालून दांडा चार वेळा हलवला आणि चिठ्ठी बांधली. "गळती. दुरुस्ती."

"दुरुस्त करायला वेळ कुठला," काकू म्हणाल्या. "आणि सोडायची तर नाही, घरचा नियम. तो तसाच घेऊन गेला. दिवसभर चिठ्ठी लटकवलेल्या मॉडेलशेजारी उभा राहिला. शिक्षकांना वाटलं, पोराने स्वतःचा दोष स्वतःच लिहिलाय, केवढा हा प्रामाणिकपणा! पहिलं बक्षीस दिलं त्याला."

मी हसले. काकू हसल्या नाहीत.

"त्यानंतर त्याने यांना काहीएक दाखवलेलं नाही. मार्कशीट नाही, नोकरीचं पत्र नाही. घर घेतलं तेही मला फोनवर कळलं. माझ्याशीच बोलतो तो. यांना विचार, त्याचं घर कसं आहे. ठाऊकच नाही."

मटाराची शेवटची शेंग सोलून झाली आणि त्या उठून आत गेल्या. मी काकांना यातलं काही विचारलं नाही. आपण कोण विचारणारे, असं वाटलं.

अशी दोन वर्षं गेली. मला काढायची वेळ हळूहळू लांबत चालली, पण शर्यत पुरी होईना. मग त्या वर्षी पस्तिशीपुढच्या हौशी लोकांची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद शर्यत आमच्यापासून सात तासांच्या ड्राइव्हवर, टेनेसीतल्या एका गावात भरणार असं कळलं. त्यात निवड वगैरे नसते, शर्यतीचं लायसन्स असलं की उभं राहता येतं. बेल्जियमच्या, कॅनडाच्या, कुठकुठल्या बायका येणार होत्या. काका म्हणाले, "जायचं. आणि पुरी करायची." मी ऑफिसात डिसेंबरची रजा टाकली आणि उन्हाळाभर ग्रीनवेच्या सायकलवाटेवर पहाटे घाम गाळला.

त्याच उन्हाळ्यातली एक गोष्ट आहे, ती मला नंतर फार टोचली. काका आमच्याकडे आले होते. मी चहा चुकून कान नसलेल्या स्टीलच्या पेल्यात दिला, उकळता. काकांनी तो उजव्या हातात धरला आणि धरूनच ठेवला. पाच मिनिटं ते पिटमधल्या पाण्याबद्दल बोलत होते. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला टपोरा फोड.

"काका, तुमचे हात आहेत की सांडशी?" मी म्हटलं.

ते हसले आणि हात खिशात घातला. मीही हसले आणि विसरून गेले.

शर्यतीला नेमकं नवऱ्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं, म्हणून काका आणि मी दोघंच आदल्या दिवशी गेलो. गाडीच्या मागे दोन सायकली, आत बादल्या आणि काकूंनी दिलेली दशम्यांची चळत. सकाळी बघतो तर बारीक पाऊस, थंडी, आणि सगळी वाट काळ्या चिकट चिखलाची. पिटमध्ये आमच्या शेजारी एक उंच बेल्जियन गृहस्थ बायकोची सायकल घेऊन उभे होते. काकांनी दहा मिनिटांत त्यांच्या सायकलला लाल चिठ्ठी बांधली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काका पुढच्या ब्रेकचा नट दाखवत होते आणि तो खरंच ढिला होता. त्या गृहस्थांनी तो आवळला, मग काकांच्या खांद्याला हात लावून त्यांना बोलावलं आणि दोरा त्यांच्याकडूनच सोडवून घेतला. नियम न सांगता कळलेला हा मी पाहिलेला एकमेव माणूस.

माझ्या पहिल्या सायकलची हवा मी निघताना घरीच पंपाच्या गेजवर भरली होती. दुसरीची काकांनी तिथे चिखल बघून थोडी सोडली, दोन्ही टायरांना अंगठा लावला आणि म्हणाले, "वीस. जा."

पाच फेऱ्या होत्या. तीन फेऱ्या मी कशा केल्या ते मला आजही नीट आठवत नाही, इतक्या त्या छान गेल्या. पाय चालत होते, श्वास चालत होता, मागे कोणी नव्हतं. दर अर्ध्या फेरीला काका बादलीशेजारी उभे दिसत आणि ओरडत, "अजून लांब आहे ती! लांब आहे!" ती म्हणजे सगळ्यात पुढची बाई. चौथ्या फेरीला सायकल चिखलाने इतकी जड झाली की मी पिटमध्ये शिरले, ती टाकली, दुसरी घेतली. काकांनी पाठीवर थाप मारली. मला मनातल्या मनात शेवटची रेघ दिसायला लागली.

पहिल्याच तिरक्या उतारावर मागचं टायर सुटलं. फस्स झालं आणि चाक जमिनीला चिकटलं.

या खेळात मागे वळता येत नाही. पिट पन्नास पावलांवर असला तरी तो मागे राहिला तर राहिला, पुढचा येईपर्यंत सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. मी पळाले. बुटात चिखल, खांद्यावर सायकल, दोन्ही बाजूंना घंटा आणि "गुड जॉब!" अर्धी फेरी मी पळाले. पिटमध्ये पोचले तेव्हा काकांनी धुतलेली पहिली सायकल पुढे केली.  मी बसले, मारता येतील तेवढे पाय मारले. शेवटची फेरी सुरू होते त्या वळणावर मागून चाकांचा आवाज आला, पंचबाईंनी हात वर केला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "थँक यू मॅडम, तुमची रेस झाली."

एक फेरी राहिली होती.

मी सायकल ढकलत पिटकडे निघाले ती भांडायच्या तयारीने. काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. अंगठ्याची मिजास, गेजची टर, सगळं. काका उलट्या बादलीवर बसले होते. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, आणि अंगठ्याला लाल चिठ्ठी. दोरा दातांनी आवळून गाठ मारलेली होती. मी वाकून वाचलं. "वस्तू: अंगठा. दोष: स्पर्श कळत नाही. केव्हापासून: मार्च." त्याखाली, जिथे छापील रकाना नव्हता, तिथे त्यांनी स्वतः आखून लिहिलं होतं, "कळवले का: नाही."

निर्णयाची जागा कोरी होती.

माझा राग तिथल्या तिथे विरघळला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मी सायकली गाडीला लावल्या आणि दार आपटून गाडी सुरू केली. चिठ्ठी काका सोडणार नव्हते, कारण अंगठा त्यांचा होता. सोडायची ती मी. आणि मी ती मुद्दाम सोडली नाही, जवळजवळ अख्खं टेनेसी संपेपर्यंत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण माझ्या डोक्यात चाकासारखी फिरत होती. गॅस स्टेशनवर काऊंटरच्या मुलीने चिठ्ठीकडे बघून विचारलं, "सर, आर यू ओके?" काका म्हणाले, "अंडर इन्स्पेक्शन." त्यांना ती थट्टा वाटत नव्हती.

गाडीत परत बसल्यावर त्यांनी सीटबेल्ट ओढला आणि तो खाचेत घालायला लागले. जमेना. त्यांना खाच दिसत होती, पण पट्ट्याचं टोक हातात आहे की नाही हेच कळत नव्हतं. तीनदा, चारदा. मग त्यांनी डावा हात वळवून आणला आणि माझ्याकडे न बघता बेल्ट लावला. तो उकळता पेला मला तेव्हा आठवला.

डोंगर उतरल्यावर नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीत एक रेस्ट एरिया लागलं. मी गाडी आत घेतली.

"काकूंना माहीत आहे?"

"नाही."

"डॉक्टरांना?"

"नाही. साखरेने नसा जातात, मला ठाऊक आहे. परत येत नाहीत म्हणतात."

"मग इतके महिने आकडा कसा सांगत होता?"

"डोळ्यांनी भागवत होतो. दाबल्यावर टायर किती बसतं ते बघायचो. आज त्याच्यावर चिखल होता. दिसलं नाही." त्यांनी अंगठा वर धरला. "तू पळत येताना दिसलीस, तेव्हा मी हातातल्या सायकलचं टायर दाबून पाहिलं. टायर आहे की टेबल आहे, तेही कळलं नाही."

"सांगायचं होतं ना काका. मी गेज आणलं असतं. माझी पाच वर्षं होती त्या एका रेघेत!"

मी रडले. सांगायला लाज वाटत नाही, चांगली रडले. काका समोरच्या काचेतून बघत बसले होते.

"दोष सापडला की चिठ्ठी बांधावी लागते," ते म्हणाले. "आणि बांधली की निर्णय. भंगार नाहीतर दुरुस्ती. दुरुस्ती होणार नाही, हे कळत होतं."

 मग मी त्यांच्या खिशातलं एक पेन काढलं, त्यांचा हात माझ्याकडे ओढला आणि चिठ्ठीवरच्या खोडलेल्या तिसऱ्या ओळीखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "आहे तसे वापरा."

"ते खोडलेलं आहे," काका म्हणाले.

"मी परत लिहिलंय."

"तुला अधिकार काय?"

"माल तुमचा आहे. तुम्हाला सोडता येत नाही. मग या गाडीत मीच उरते."

त्यांनी हात मागे घेतला नाही. चिठ्ठी बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "कुठे वापरणार, तेही लिहावं लागतं. नुसतं 'वापरा' चालत नाही."

मी लिहिलं, "रविवारी पिटमध्ये. बादली, तांब्या, काथ्या. हवा गेजने." आणि सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"गेज तपासून घे," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी."

दोरा भिजून आवळला होता. नखांनी सोडवताना मला बराच वेळ लागला आणि अंगठा माझ्या हातात गार होता. मी जोरात दाबून पाहिला. त्यांना कळलं नाही.

मग त्यांनी जॅकेटच्या आतल्या खिशातून चिठ्ठ्यांची चळत काढली, त्यातली एक निवडली आणि पेन मुठीत धरून लिहायला लागले. मी सायकली घट्ट आहेत का ते बघायच्या निमित्ताने खाली उतरले. परत आले तेव्हा लिहून झालं नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की त्या चिठ्ठीवर तिसरी ओळ अजून खोडलेली नव्हती आणि वस्तूच्या रकान्यात वेडंवाकडं लिहिलं होतं, "हातपंप."

जेवणाच्या वेळेला घरी पोचलो. काकूंनी दार उघडलं, माझ्या अवताराकडे पाहून काय ते ओळखलं आणि म्हणाल्या, "खिचडी आहे, दोघंही बसा." काका बूट काढून आत आले, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभे राहिले.

"त्याचा पत्ता काय गं?"

काकूंनी कोणाचा म्हणून विचारलं नाही. हातातली पळी तशीच धरून त्या म्हणाल्या, "सांगते. लिहून घ्या."

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्यापुढे केलं.

"तू लिही," ते काकूंसमोर म्हणाले. "माझा अंगठा गेलाय. मार्चपासून."